तरंगती वीट

दिवाळीच्या पणत्या आमच्या घरी तेरहून येत. बाजारात पणत्यांना काही तोटा नाही. साच्यातून काढलेल्या, रंगवलेल्या, काचा लावलेल्या, हव्या तशा मिळतात. पण वसुबारसेच्या आत एक जुनी पिशवी आमच्या दारी यायचीच. कधी एस. टी.च्या कंडक्टरबरोबर, कधी गावाकडून आलेल्या कुणा माणसाच्या हाती. पिशवीत गवत आणि गवतात मातीच्या साध्या पणत्या. मोजून सव्वीस. पंचवीस आमच्यासाठी, आणि वाटेत एखादी फुटली तर असावी म्हणून एक वर. पाठवणाऱ्याला चिठ्ठी लिहिण्याची सवय नव्हती. पणत्या सव्वीस आहेत हीच त्याची चिठ्ठी.

यंदा, गोरोबाकाकांची चैत्रातली यात्रा आटोपून चार दिवस झाले असतील नसतील, तो गेला. मला कळले ते पंधरा दिवसांनी.

संपादकांनी तेरच्या इतिहासावर काही लिहा म्हणून कळवले, तेव्हा मी आधी नाही म्हणणार होतो. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना शिकवतो. इतिहास लिहायला लागणारी विद्या माझ्याजवळ नाही. पण मग मनात आले, की तेरचा इतिहास मला जो काही ठाऊक आहे तो पुस्तकांतून पुढे आला. त्याआधी तो मला एका वर्गमित्राने दाखवला होता. त्याचे एक देणे माझ्याकडे पस्तीस वर्षे राहिले आहे. तेवढे फेडावे, म्हणून हे लिहितो.

आम्ही दोघे १९८६ साली पहिलीत बसलो. तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. आता ते धाराशिव झाले आहे. तेरचे नाव मात्र तेरच राहिले. गावाजवळून तेरणा वाहते. नदीच्या काठी गोरोबाकाकांचे मंदिर आहे. गावात शिरताना आणि गावाच्या बाहेर जिकडे पाहावे तिकडे पांढरीच्या टेकड्या. या टेकड्या म्हणजे एकावर एक बसलेली जुनी गावे आहेत, हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार? आम्हाला त्या घसरगुंडीसाठी ठाऊक होत्या.

गुरुजींनी उंचीप्रमाणे रांग लावली आणि आम्ही दोघे शेजारी आलो. तो कुंभारवाड्यातला. त्याच्या पाटीवर कायम चिखलाची बोटे उमटलेली असत आणि गुरुजी त्याला आधी हात धुऊन यायला सांगत. तो जाऊन हात धुऊन येई, आणि पाटी मात्र तशीच राही. अक्षर त्याचे वाईट नव्हते. पण लिहिताना तो पेन्सिल अशी धरी, की जणू तिच्यातून काही वळवून काढायचे आहे. बोलायला तो सावकाश होता. उत्तर त्याला येत असे, पण ते ओठांवर येईपर्यंत दुसऱ्या कुणाचा तरी हात वर झालेला असे. बहुतेक वेळा तो हात माझा असे.

पावसाळ्यातला पहिला मोठा पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडीवर जात असू. पावसाने माती धुऊन जाई आणि तिच्यातून काय काय वर येई! लाल, काळे, पांढरे दगडी मणी. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. मातीच्या बाहुलीचे मुंडके, एखाद्या बैलाचे वशिंड. मला मणी दिसत, कारण ते चमकत. त्याला खापरे दिसत. एखादे खापर उचलून तो त्याच्या कडेवरून अंगठा फिरवी आणि म्हणे, "ह्यो रांजण व्हता. आन् ह्यो बघ, ह्याचं चाक लई जोरात फिरलंय." मी विचारी, "तुला कसं ठावं?" तो खापराच्या आतल्या बाजूवरच्या बारीक रेघा दाखवी. "ही बोटं हायेत की कुंभाराची."

दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची बोटे मी पहिल्यांदा पाहिली ती अशी.

पुढे मोठेपणी वाचले तेव्हा कळले, की आम्ही ज्या मातीवर घसरत होतो ती तगर नावाच्या नगरीची माती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेला 'पेरिप्लस' नावाचा एक ग्रंथ आहे. तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि व्यापाराची माहिती त्यात आहे. त्या ग्रंथात लिहिले आहे, की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर. या दोन गावांचा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. पैठणहून अकीकासारखे दगड जात. तगरहून जाडेभरडे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल. म्हणजे आमच्या गावच्या मागावर विणलेले कापड गलबतात बसून मिसर आणि रोमच्या मुलखाकडे निघत असे. पुढे टॉलेमीनेही आपल्या भूगोलात तगर नोंदवले. तेरच्या नावाची पहिली नोंद परक्या व्यापाऱ्यांच्या हातून झाली, आणि गंमत अशी, की ज्याने 'पेरिप्लस' लिहिला त्याचे स्वतःचे नाव आज कुणालाच ठाऊक नाही.

नंतर तगर हरवले. नाव तेवढे राहिले. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत; म्हणजे आपले मूळ त्या श्रेष्ठ नगरीत आहे, हा त्यांचा अभिमान. पण ती नगरी कुठली, याचा थांग लागेना. कुणी देवगिरी म्हटले, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवले. अखेर १९०१ साली फ्लीट या पंडिताने तगर म्हणजेच तेर असे मांडले, आणि त्याच सुमारास पुराणवस्तू खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेरला येऊन इथली देवळे आणि टेकड्या पाहिल्या. तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मोठमोठ्या विद्वानांनी अर्धा महाराष्ट्र धुंडाळला, आणि तगर आपले नाव थोडे आखडून घेऊन तेरणेकाठी निवांत बसले होते!

फ्लीट आणि कझिन्स यांची नावे ग्रंथांत आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण गावाने ज्यांचे नाव मनात ठेवले ते रामलिंगप्पा लामतुरे. हे गावातलेच एक व्यापारी. मातीतून निघालेली वस्तू फेकून द्यायची नसते, एवढे त्यांना उमगले होते. शेतकऱ्यांना, बायाबापड्यांना, पोरासोरांना जे जे सापडे ते ते त्यांनी जमवले. आमच्या वडिलांच्या पिढीची कितीतरी पोरे त्यांच्याकडे मणी आणि बाहुल्या घेऊन गेली असतील. या संग्रहात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि तेरला त्यांच्याच नावाने शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. तिथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. अगदी तिच्या जातीची दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपे इथे सापडली. ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या शहरात. दोघी जणू एकाच परकराच्या घेरात खेळलेल्या मैत्रिणी.

पण मला सांगायचे आहे ते मूर्तीबद्दल नव्हे, विटेबद्दल.

तेरला त्रिविक्रमाचे देऊळ आहे. ते विटांचे आहे आणि त्याचा घाट आपल्या नेहमीच्या देवळांसारखा नाही. मागची भिंत अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखे छप्पर. कार्ले-भाजे इथल्या लेण्यांतले चैत्यगृह डोंगरातून उचलून उघड्यावर आणून ठेवावे, तसे ते दिसते. मुळात ते बौद्धांचे चैत्यगृह असावे असे कझिन्स यांना वाटले. असे विटांचे देऊळ आंध्रात चेजर्ला इथे आहे. एरवी फारसे कुठे उरले नाही. आत वामनाने पाय उचलून त्रिभुवन व्यापले आहे, तो त्रिविक्रम उभा. उत्तरेश्वराचे दुसरे जुने देऊळही विटांचेच, आणि त्याची लाकडी कोरीव द्वारचौकट पाहण्यासारखी आहे. तेरच्या या जुन्या विटांचे एक नवल आहे. त्या पाण्यात टाकल्या तर बुडत नाहीत.

हे नवल आम्ही तेरणेत पाहिले. चौथीत असताना एका रविवारी नाल्याच्या कडेला वीटेचा एक जुना तुकडा सापडला. आम्ही तो डोहात सोडला. तो एकदा खाली गेला आणि बुचासारखा वर आला. मी टाळ्या पिटल्या. देवाची वीट, म्हणून ती तरंगते, असे मी लगेच ठरवूनही टाकले. तो मात्र काठावर बसून तुकडा उलटासुलटा करत राहिला. मग त्याने तो दगडावर आपटून फोडला आणि आतली बाजू मला दाखवली. आत बारीक बारीक भोके होती; काही तुसासारखी लांबट.

"मातीत तूस कालवलंय," तो म्हणाला. "लई कालवलंय. आमी बी लीद घालतो, राख घालतो, न्हाईतर मडकं तडकतं. भाजताना तूस जळून जातं. जागा तेवढी ऱ्हाती. त्या जागंत वारं बसतं. मग कशाला बुडंल?"

नऊ-दहा वर्षांचे ते पोर. पण विटेच्या पोटातली गोष्ट त्याने एका दमात सांगितली. मोठेपणी जाणत्यांकडून जे ऐकले ते याहून काही निराळे नव्हते. भिंती हलक्या राहाव्यात आणि वरच्या छपराचा भार कमी व्हावा, यासाठी असल्या विटा किती सोयीच्या, एवढीच त्यात भर पडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेत एक पाहुणे आले. पुराणवस्तू पाहायला गावात आले होते, गुरुजींनी त्यांना वर्गात आणले. त्यांनी तसाच एक तुकडा बादलीत टाकून दाखवला आणि विचारले, "ही वीट का तरंगते, कोण सांगेल?"

वर्ग गप्प. माझ्या शेजारी तो हळूहळू उठू लागला होता. सदऱ्याला गुंडी नव्हती, ती बाजू त्याने एका हाताने धरली होती. मी हात वर केला आणि बोलायला सुरुवात केली. तूस, राख, भाजणे, जागा, वारा, सगळे सांगितले. पाहुणे थक्क झाले. "शाबास! हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "माझं मीच."

त्यांनी खिशातले शाईचे पेन काढून मला दिले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शेजारी तोही वाजवत होता.

मधल्या सुट्टीत तो मला एकच वाक्य बोलला. "दाव की पेन." मी दिले. त्याने टोपण काढले, पेन जरा वेळ बोटांत धरून पाहिले आणि आपल्या डाव्या तळहातावर स्वतःचे नाव लिहिले. मग पेन परत केले. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तो बापाबरोबर माती तुडवून झाल्यावर गोळे मळत बसला होता. नाव केव्हाच मातीत गेले होते.

तेरच्या पोराला गोरोबाकाकांची एक गोष्ट पाळण्यात असल्यापासून ठाऊक असते. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने गोरोबांना विचारले, काका, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांना तेवढा राग आला. काका म्हणाले, हे मडके कच्चे. नामदेवांना ते लागले आणि ते गुरूच्या शोधात निघाले. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगतो. ती सांगताना दरवेळी माझ्या डोक्यावर थापटणे वाजते, हे मुलांना कुठे ठाऊक असणार!

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरणार नाही. गणपती बोळवून लोक निजले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि त्या बाजूची गावे दगडमातीच्या ढिगात गेली. हजारो माणसे झोपेतच गेली. तेरला आम्ही बाहेर पळालो, उजाडेपर्यंत रस्त्यावर बसून राहिलो. उजाडल्यावर पोरे त्रिविक्रमाकडे धावली. हलक्या विटांचे ते जुने देऊळ उभे होते. त्याच्या घराची मागची भिंत मात्र बसली होती. आम्ही तेव्हा आठवीत होतो. भिंत उभी करायची, घर चालवायचे. तो बापाबरोबर वीटभट्टीवर गेला तो शाळेत परत आलाच नाही. त्याचे दप्तर काही दिवस बाकावर होते. मग तेही कुणी घरी नेऊन दिले.

मी पुढे शिकलो, गाव सोडले, मास्तर झालो, लिहू लागलो. तो काही वर्षांनी भट्टी सोडून पुन्हा चाकावर बसला. नवरात्राचे घट, संक्रांतीची सुगडे, उन्हाळ्यातले माठ, दिवाळीच्या पणत्या. माझ्या एका कादंबरीत मी ती तरंगती वीट घातली. एका शाळकरी पोराला नदीकाठी ते गुपित उमगते, असा प्रसंग रंगवला. वाचकांची त्यावर पत्रे आली. त्या पोराला मी माझा चेहरा दिला होता. म्हणजे जे चौथीत केले तेच मी चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा केले, आणि या वेळी छापून केले.

एकदा यात्रेला गेलो असता आम्ही दोघे वस्तुसंग्रहालयात गेलो. त्या हस्तिदंती बाईपुढे तो बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "खाली काय लिवलंय?" मी वाचून दाखवले. "आन् केली कुणी?" मी म्हटले, ते कुठे लिहिलेले नसते. त्याने मान हलवली. त्याला त्याचे वाईट वाटले असे दिसले नाही. खापरांच्या कपाटाशी मात्र तो वाकून वाकून पाहत राहिला, आणि काचेवरूनच त्याचा अंगठा कडेकडेने फिरत होता.

तिथून बाहेर आल्यावर मी धीर केला. म्हटले, "त्या विटेचं मी वर्गात सांगितलं ना, ते तुझं होतं. मी खोटं बोललो."

तो हसला. "माझं कुठलं? आज्यानं सांगितलेलं. आज्याला त्याच्या आज्यानं. तू सांगितलंस म्हनून वर्गाला कळलं तरी. मी उठूस्तवर घंटा झाली असती."

मी माफी मागितली, आणि त्याने ती अशी हसण्यावारी नेली. पण देणे फिटले असे मला वाटले नाही. देणेकरी माफ करतो तेव्हा घेणाऱ्याच्या वहीत ती रक्कम तशीच राहते.

वैशाखात त्याच्या घरी गेलो. अंगणात चाक भिंतीला टेकवून ठेवले होते. वहिनींनी पाणी दिले. मुलगा चाकावर बसू लागला आहे, मुलगी कॉलेजात जाते, असे सांगितले. मग आत जाऊन त्यांनी एक पाटी आणली. पाटीत पणत्या होत्या. मातीच्या रंगाच्या, अजून न भाजलेल्या.

"पाऊस लागायच्या आत करून ठेवायचे दरवर्षी," त्या म्हणाल्या. "ह्या तुमच्या वाटच्या. कच्च्या हायेत. दसऱ्याच्या आव्यात पोरगा भाजंल आन् धाडंल."

मी मोजल्या. सव्वीस होत्या.

मी त्यांना या लेखाबद्दल सांगितले. विटेची सगळी हकीकत त्याच्या नावानिशी छापणार आहे, म्हटले. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नाव कशाला घालता भाऊजी? ते असते तर हसले असते. मडक्यावर कोण नाव घालतं?"

म्हणून इथे त्याचे नाव नाही. वाचकांनी हे लिहिणाऱ्याचा विसराळूपणा समजू नये. तगरच्या मलमलीवर विणकराचे नाव नव्हते, हस्तिदंती बाईवर कारागिराचे नव्हते, त्रिविक्रमाच्या विटेवर तूस कालवणाऱ्याचे नव्हते. त्यांच्या पंगतीत तो बसला आहे आणि तिथे त्याला अवघडल्यासारखे होणार नाही.

पणत्या परवाच आल्या. मुलाने भाजून पाठवल्या आहेत. एक वाटेत फुटली, पंचवीस शाबूत आहेत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या लागतील. त्याआधी शाळेत जाऊन मी चौथीच्या मुलांपुढे पाण्याची बादली ठेवणार आहे आणि तो जुना तुकडा त्यात सोडणार आहे. कुणीतरी विचारीलच, गुरुजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याचे उत्तर आता माझ्याजवळ तयार आहे. मला हे माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने सांगितले.